शेवंता याडीचं मीठ

आमच्या कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलींना शरीरातल्या पाण्याचा आणि क्षारांचा धडा फार जड जातो. फळ्यावर सोडियमचे, पोटॅशियमचे बाण काढलेले असतात. कुठला बाण पेशीत शिरतो आणि कुठला बाहेर येतो, हे काही केल्या पाठ होत नाही. मी त्यांच्याहून वयाने मोठी. नर्सिंगचा डिप्लोमा करून काही वर्षं नोकरी केली आणि डिग्रीसाठी पुन्हा कॉलेजात आले, म्हणून त्या मला ताई म्हणतात. मागच्या महिन्यात मॅडमनी मला त्यांच्या तासाला बोलावलं. म्हणाल्या, “ललिता, फळा राहू दे. तू वॉर्डात काम केलंयस. एखादा पेशंट सांग यांना.”

मी शेवंता याडीचं सांगायला लागले. अर्ध्यावर आले आणि थांबले. “ताई, मग त्या बाईचं काय झालं?” असं एकीने विचारलं. मी म्हटलं, तास संपत आला, पुन्हा कधी सांगेन. तास संपत आला नव्हता. मला पुढे बोलता येईना.

म्हणून हे लिहिते आहे. दिवाळी अंकात नोकरीच्या आठवणी लिहिणारी माणसं बहुतेक निवृत्त झालेली असतात, त्यांच्यापाशी सांगण्यासारखं पुष्कळ असतं. माझ्यापाशी एवढंच आहे. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. त्यामुळे लिहिताना अजूनही वाटतं की मागे उभं राहून कुणीतरी चुका बघत आहे. असतील तर सांभाळून घ्या.

माझी पहिली नोकरी महागाव-फुलसावंगीच्या पट्ट्यातल्या एका छोट्या रुग्णालयात होती. चहूकडे कपाशी आणि सोयाबीन, मधूनमधून आमच्या बंजारा लोकांचे तांडे. माझा तांडाही तिथून फार लांब नव्हता. बाहेरच्या माणसाला वाटतं, नर्स म्हणजे इंजेक्शन. खरं तर आमचा निम्मा जीव पाण्यात अडकलेला असतो. पेशंटच्या पोटात किती पाणी गेलं आणि लघवीतून, उलटीतून, जुलाबातून किती बाहेर आलं, याच्यावर सतत डोळा. नातेवाइकाला मापाचं भांडं देऊन बजावून सांगायचं, की लघवी यात धरा, फेकू नका, मला दाखवा. संध्याकाळी विचारावं तर तो अभिमानाने म्हणायचा, “दाखवाले काय आणू बाई? म्या भांडं घासूनपुसून ठेवलं ना!”

सलाईनवर लोकांची श्रद्धा फार. पुसदकडचा एक म्हातारा तर दोन्ही हात पुढे करून बसला होता. “एका हातानं काय व्हते? जोडी लावा. एका बैलानं वखर चालते का?” आमच्या वॉर्डात बाटल्यांची नावंही पेशंटनीच ठेवलेली होती. ग्लुकोजची ती गोड बाटली आणि सलाईनची ती खारी बाटली. गोड बाटलीने ताकद येते आणि खारीने नुसतं पोट भरतं, असा सगळ्यांचा समज. त्यामुळे गोड बाटलीला मागणी जास्त.

मुलींना मी वर्गात कैरीचं उदाहरण दिलं होतं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की पाणी सुटतं. फोडीच्या आतलं पाणी मिठाकडे ओढलं जातं. आपल्या अंगातही तसंच आहे. रक्तात मीठ बेताचं असलं की पाणी आपल्या जागी राहतं. रक्तातलं मीठ फार कमी झालं, की पाणी रक्तात न थांबता पेशींमध्ये शिरतं आणि पेशी फुगायला लागतात. हातापायाच्या पेशी फुगल्या तर निभावतं. मेंदू कवटीत बंद असतो, त्याला फुगायला जागा नसते. आधी डोकं दुखतं, मळमळतं, मग माणूस बरळायला लागतो, झटके येतात. अशा माणसाला साधं पाणी किंवा गोड पाणी पाजत राहिलं, तर मीठ आणखी पातळ होतं. घरचे लोक प्रेमाने पाजत असतात आणि तो बिघडत जातो. एवढं समजलं तर त्या धड्यातलं बरंच समजलं.

मी सांगते ती गोष्ट बोंडअळीच्या दिवसांतली आहे. त्या वर्षी कपाशी माणसाच्या उंचीएवढी वाढली होती आणि बोंडात अळी बसली होती. लोक पाठीवर पंप घेऊन फवारायला जायचे. झाडं उंच, त्यामुळे फवारा वर धरावा लागायचा आणि वाऱ्यासरशी औषध परत तोंडावर यायचं. आमच्या दाराशी दुचाक्यांवरून, छोटा हत्ती टेम्पोमधून माणसं येऊ लागली. तोंडाला फेस, अंगाला घाम, डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या डोक्याएवढ्या. आम्ही आधी त्यांचे कपडे काढायचो, साबणाने अंग धुवायचो, इंजेक्शनं द्यायचो आणि जास्त बाधा झालेल्यांना यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात पाठवायचो.

त्यांतच एक संजय होता. तरणाताठा, नुकतंच बाळ झालेलं. मी कात्री घेतली तशी तो धापा टाकत म्हणाला, “सिस्टर, शर्ट कापू नका, नवा हाय.” मी कापला. त्याच्यासोबत आई-बाप होते. बाप फुलसिंग काका भिंतीला धरून उभे होते आणि आई जमिनीवर बसून माझ्याकडे बघत होती. संजयला गाडीत घातलं तेव्हा ती माउली दारापर्यंत धावत गेली, गाडी वळेपर्यंत उभी राहिली, मग खाली वाकून तिने दारातली माती कपाळाला लावली आणि काहीतरी पुटपुटली. मला वाटलं, देवीचं नाव घेतलं असेल. त्या दिवसांत असं रोजच दिसायचं. मी पुढच्या पेशंटकडे वळले.

ती शेवंता याडी. याडी म्हणजे आमच्या गोरबोलीत आई. तांड्यातल्या कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला आम्ही तशी हाक मारतो.

त्यानंतर काही आठवड्यांनी, पहिली वेचणी सुरू असताना, एका दुपारी फुलसिंग काका तिलाच घेऊन आले. जुलाब आणि उलट्या. डोळे खोल गेलेले. हातावरची चामडी चिमटीत धरून सोडली तर तशीच उभी राहत होती. पण जुलाबाचे पेशंट आम्ही रोज बघतो, ही त्यांच्यासारखी वाटत नव्हती. पोटऱ्यांत गोळे येत होते. विचारलेल्याचं उत्तर ती जरा उशिरा द्यायची, मधेच भलतंच बोलायची. मला म्हणाली, “संजयचा शर्ट शिवला का तुनं?”

डॉक्टर सरांनी तपासलं आणि काकांना विचारलं, “पाणी पितात का या?”

“भरपूर पेते साहेब. गूळपाणी बी देल्लं, साखरपाणी देल्लं.”

“मीठ घातलं होतं त्यात?”

काका माझ्याकडे बघून आमच्या बोलीत हळूच म्हणाले, “लूण तं तिनं सोडलं हाय.” आम्ही दोघं गोरबोलीतच बोललो होतो, इथे मी ते वऱ्हाडीत लिहिते. लूण म्हणजे मीठ.

तेव्हा कळलं, की दारातली माती कपाळाला लावून ती काय पुटपुटली होती. लेक बरा होऊन घरी येईपर्यंत मी मिठाला शिवणार नाही. अळणी भाकर, अळणी वरण. आणि तसंच पोट घेऊन उन्हात दिवसभर कापूस वेचायचा. घामातून मीठ जात होतं आणि आत काही येत नव्हतं. मग जुलाब लागले. गावातल्या आशाताईंनी मीठ-साखरेच्या पाण्याची पुडी आणून दिली, तर तिने जिभेला लावून बघितली, खारट लागली म्हणून बाजूला ठेवली आणि साधं पाणी पीत राहिली.

“आपल्या वाडवडलांनी बैलांवर लूण लादून मुलूख तुडवला,” काका म्हणाले, “अन् माह्या बायकोनं तेच टाकून देल्लं.”

सर म्हणाले, सोडियम खूप उतरलेलं असणार. रक्त पुसदला पाठवलं, पण अहवालाची वाट बघत बसण्यासारखी स्थिती नव्हती. यवतमाळला न्यावं तर गाडी फवारणीचेच पेशंट घेऊन गेलेली. “खारी बाटली लाव,” सरांनी सांगितलं. “पण मी सांगतो त्याच गतीने. घाईने भरलं तर मेंदूला बाधतं. आणि झटका आला तर मला लगेच आवाज दे.”

मी सुई लावली. बाटली टांगली. तेवढ्यात तिने डोळे उघडले. त्या आजारात असं होतं. माणूस धुक्यात असतो, मधेच लख्ख जागा होतो. तिने बाटलीकडे बघितलं आणि मला विचारलं, “कोणती हाय ही? गोड का खारी?”

आमच्या वॉर्डातली नावं तांड्यापर्यंत पोचलेली होती.

इंगोले सिस्टर शेजारच्या खाटेशी होत्या. त्या आमच्या वॉर्डाच्या प्रमुख. तोंडाने तिखट आणि हाताने मऊ. त्यांना आमची बोली येत नव्हती, पण बाटलीकडे गेलेलं बोट समजलं. “गोड हाय म्हण अन् मोकळी हो,” त्या म्हणाल्या. “जीव जाऊन राह्यला बाईचा, तू कायले इचार करत बसली?”

मी मोठी खरं बोलणारी होते असं नाही. पेशंटला सुई टोचताना आम्ही सगळ्याच म्हणतो, मुंगी चावल्यासारखं होईल. पण तिने माझा हात धरला होता आणि म्हणत होती, “देवीची आण हाय तुले. माह्या पोराच्या जिवाचा सवाल हाय, पोरी.”

मी म्हटलं, “खारी हाय, याडी.”

तिने दुसऱ्या हाताने सुई उपसून काढली. चादरीवर रक्ताचे थेंब पडले. अंगात त्राण नसलेल्या बाईला एवढं बळ कुठून आलं, देव जाणे. काका ओरडले, “अवं, मरतं का काय तू?”

“मरू दे. पोरगं जगलं पायजे.”

इंगोले सिस्टर कापूस दाबत माझ्याकडे बघत होत्या. ती नजर मला लागली. शुद्ध हरपेपर्यंत थांबायचं आणि मग लावायची, हा एक मार्ग होता. पण शुद्ध हरपणं म्हणजे मेंदू आणखी सुजणं. तिथून सगळीच माणसं परत येत नाहीत.

मी खाटेवर तिच्याजवळ बसले. वॉर्डात असं बसायचं नसतं. म्हटलं, “याडी, नवस मोडू नको. दुसऱ्याच्या हातात दे.”

हे मी कुठल्या पुस्तकात शिकले नव्हते. आमच्या घरी आजी आजारी पडली की तिचे उपास आई धरायची. देवाला सांगायचं, की ही आता हिच्या जागी. पुन्हा तब्येत बरी झाली की आजी ते परत मागून घ्यायची. जिने दिलं तिनेच परत घ्यायचं, मधे सोडायचं नाही, एवढा एकच नियम.

ती माझ्याकडे बघत राहिली. काका पुढे सरकले. “मी धरतो. दे माह्याकडे.”

त्या अवस्थेतही तिने नवऱ्याला नखशिखान्त बघितलं. “तुह्या हातचा तंबाखूचा खर्रा सुटत नाई, तू लूण सोडशील?”

शेजारच्या खाटेवरची बाई फिदकन हसली. काका वरमले. सून यवतमाळला नवऱ्यापाशी होती आणि तिच्या अंगावर बाळ पीत होतं, तिला अळणी ठेवून चालणार नव्हतं. दुसरी लेक नव्हती.

“माह्याकडे दे,” मी म्हटलं.

“तू कोण व्हय माही?”

“पवार.”

आमच्यात माणसाची ओळख गोतावरून लागते. शेवंता याडी राठोडांत दिलेली होती. तिचे ओठ हलले. ती मनातल्या मनात नाती जुळवत होती. मग म्हणाली, “म्हंजे माह्या माहेरची पोरगी.”

“व्हय.”

“भाकर बी अळणी खाशील?”

“खाईन.”

“दवाखान्यात च्या-बिस्कुट चालू असते तुमचं.”

“बिस्कुट नाई खात. नुसता च्या पेईन.”

“पोरगं घरी येईपावतर?”

“घरी येईपावतर.”

तिने माझं मनगट धरलं, दुसरा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि देवीला सांगितलं. काय सांगितलं ते मी लिहीत नाही. मग हात आडवा करून म्हणाली, “लाव.”

खारी बाटली थेंब थेंब चालू झाली. दुपार कलल्यावर माझा डबा निघाला. आईने वांग्याची भाजी दिली होती, माझ्या आवडीची. तो डबा मी इंगोले सिस्टरांपुढे सरकवला आणि गुळासोबत भाकर खाल्ली. शेवंता याडी डोळे किलकिले करून खाटेवरून बघत होती. मी शेवटचा घास गिळेपर्यंत तिने नजर काढली नाही.

इंगोले सिस्टरांनी ही गोष्ट सरांना सांगितली. मला वाटलं, आता रागावतील. सर चष्मा पुसत म्हणाले, “तुझं स्वतःचं बीपी रोज बघत जा.” थोड्या वेळाने पुन्हा येऊन म्हणाले, “आणि चक्कर आली तर मला न लपवता सांग.”

पुसदचा अहवाल आला तेव्हा सोडियम आम्हाला वाटलं त्याहून खाली होतं. पण तोवर तिच्या पोटऱ्या सैल झाल्या होत्या आणि ती शर्टाबद्दल विचारेनाशी झाली होती. पुढे ती मीठ-साखरेचं पाणी पेल्याने प्यायला लागली. दर पेल्याला माझ्याकडे बघायची, मी मान हलवायची आणि मग ती घोट घ्यायची. घरी जाताना तिने मला बजावलं, “मी मांगीन तवाच परत देजो. मधात सोडजो नोको.”

मुलींना वर्गात मी इथपर्यंत सांगितलं होतं.

अळणी खाणं वाटतं तेवढं सोपं नसतं. पहिले काही दिवस तोंडाला चव राहत नाही आणि मग भूकच मरते. आई चिडली. “नोकरी करून पगार आण म्हटलं, दुसऱ्याचे नवस आणाले कोणं सांगतलं तुले?” तरी माझ्यापुरतं वरण ती वेगळं काढायची. इंगोले सिस्टरांच्या डब्यात एक छोटी वाटी जास्तीची येऊ लागली. मीठ न घातलेली उसळ. मला त्यातलं शास्त्र माहीत होतं. निरोगी माणसाचं मूत्रपिंड मीठ कमी मिळालं की ते धरून ठेवतं, सोडत नाही. त्यामुळे मला काही होणार नव्हतं. दुधातसुद्धा थोडं मीठ असतं, पालेभाजीतही असतं. पूर्ण अळणी असं जगात काही नाही. हे मला ठाऊक होतं आणि शेवंता याडीला नव्हतं. दूध पिताना मला उगाच अपराध्यासारखं वाटायचं.

आणखी एक गोष्ट मला ठाऊक होती. माझ्या जिभेवरच्या मिठाचा आणि यवतमाळच्या खाटेवर पडलेल्या संजयच्या श्वासाचा काही संबंध नाही. त्या विषाने श्वासाचे स्नायू ढिले पडतात. माणूस सुधारला असं वाटतं आणि पुन्हा ढासळतो. हे मी शिकलेली होते. तरी रोज ड्युटीवर आले की पहिल्यांदा यवतमाळहून परत आलेल्या गाडीच्या ड्रायव्हरदादांना विचारायची, “तो फुलसावंगीकडचा संजय कसा हाय?”

एकदा ते म्हणाले, “श्वासाची नळी काढली त्याची. बायकोशी बोलला म्हनते.” त्या दिवशी मी अळणी भाकर इतकी आवडीने खाल्ली, की इंगोले सिस्टर म्हणाल्या, “काय वं, आज पुरणपोळी हाय का?”

पुढच्या खेपेला ड्रायव्हरदादांनी मला बाजूला बोलावलं. नळी पुन्हा घालावी लागली होती. आणि आता ते शव घेऊन तांड्यावर जाऊन आले होते.

माझ्या मनात पहिला विचार काय आला ते लिहायला संकोच वाटतो. पण लिहिते. मी मागचा एकेक दिवस आठवू लागले. कुठे मीठ गेलं का? कुणाच्या घरचा प्रसाद खाल्ला होता का? चहासोबत चुकून काही? काही सापडलं नाही. तरी मी शोधतच राहिले. हातात पेशंटचं ब्लडप्रेशरचं यंत्र होतं आणि आकडा बघूनही मला कळत नव्हता. एवढं शिकून मी कुठे येऊन पोचले होते!

मी तांड्यावर गेले नाही. जायला पाहिजे होतं. पण जाऊन काय सांगणार होते? ती म्हणाली असती, की मी धरलं होतं तोवर पोरगं जगत होतं. आणि त्यावर द्यायला माझ्यापाशी पेशी आणि स्नायूंच्या गोष्टींखेरीज काही नव्हतं.

मीठही सोडलेलंच ठेवलं. खरं तर आता ते कुणासाठी ठेवायचं होतं? पण परत मागितल्याशिवाय द्यायचं नाही असं ठरलेलं होतं. घरी दिवाळी आली. तांड्यातल्या पोरी दिवे घेऊन दारोदार गाणी म्हणत फिरल्या. आईने खारे शंकरपाळे केले आणि माझ्यासमोर ठेवले नाहीत.

दिवाळीनंतर एका सकाळी ओपीडीची रांग लागली होती आणि मी सुया मोजत होते. कुणीतरी म्हणालं, “तुमची माय आली बाई.” वळून बघितलं तर शेवंता याडी. कपाळ रिकामं वाटत होतं, कारण टिकली लावायचं तिच्या ध्यानात राहिलं नसावं. फुलसिंग काका मागे दाराशी उभे होते. ती रांग ओलांडून सरळ आली. रांगेतल्या लोकांनी कुरकुर केली नाही. त्या भागात कुणाच्या घरी काय झालं ते सगळ्यांना माहीत असतं.

“जेवली का?” तिने विचारलं.

“नाई, याडी.”

“मंग बस.”

मी स्टुलावर बसले. तिने लुगड्यात धरलेलं फडकं सोडलं. ज्वारीची भाकर आणि तिच्यावर ठेचा. तिने घास मोडला, ठेच्याला लावला आणि माझ्या तोंडापुढे धरला. मी तोंड उघडलं नाही. बघतच राहिले.

“म्या म्हटलं, तुले कोणी सांगाले जाणार नाई,” ती म्हणाली. “पोरगी तशीच राहून राह्यली असन. आता कोणासाठी ठेवतं? दे माहं परत.”

“याडी, मी बरोबर धरलं होतं,” मी म्हटलं. म्हणायचं नव्हतं. आपोआप तोंडातून निघालं. “खरंच. बिस्कुट बी नाई खाल्लं.”

“मले मालूम हाय. म्या पाह्यलं ना तुले खाताना.” तिचा हात तसाच पुढे होता. “तू बरोबरच धरलं, पोरी. तुह्याकून काई चुकलं नाई. माह्याकून बी नाई. तो गेला.”

मुलींनो, त्या धड्याच्या परीक्षेत मला चांगले गुण मिळाले होते. मिठाचा आणि त्या मरणाचा संबंध नाही हे मी कागदावर लिहून दिलं असतं. पण तिने ते वाक्य म्हणेपर्यंत माझी सुटका झाली नव्हती. हे मला तुम्हाला वर्गात सांगता आलं नाही.

मी तोंड उघडलं. तिने घास भरवला.

ठेचा नुसता खारट झाला होता. इतके दिवस अळणी रांधून आणि त्यानंतर कुठल्या मनाने रांधत असेल कोण जाणे, तिच्या हाताला मिठाचा अंदाज उरला नव्हता. माझ्या जिभेला तर मिठाची सवयच राहिली नव्हती. घास गिळताना मला ठसका लागला. काकांनी पाण्याचा पेला पुढे केला.

ती माझ्या तोंडाकडे बघत होती. तशीच, खाटेवरून बघायची तशी.

“लूण बरोबर हाय का वं?”

“बरोबर हाय, याडी,” मी म्हटलं, आणि दुसऱ्या घासासाठी तोंड उघडलं.